विज्ञानाची पदवी घेताना भाषा, इतिहास, तत्त्वज्ञानाचे कोर्स घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुख्य विषय भौतिकशास्त्र ठरलाय, विद्यापीठात भाषा आणि मानव्यविद्यांचे कोर्सही घ्यायची मुभा आहे, मग त्यातलं काय घ्यावं, की सगळा वेळ मुख्य विषयालाच द्यावा? वरच्या वर्गातली मुलं सांगतात, ज्यात मार्क सहज पडतात असा एखादा विषय घे आणि मोकळा हो, असंही तुम्ही लिहिलंय.

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन पुढे भाषाविज्ञानाकडे वळलो आणि बरीच वर्षं दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना शिकवतोय. माझं उत्तर: जरूर घ्या. पण विरंगुळा म्हणून घेऊ नका, आणि पाच विषयांची नुसती तोंडओळख करून घेण्यात क्रेडिट संपवू नका. एक भाषा, आणि जिथे मूळ कागदपत्रं वाचायला लावतात असा एखादा कोर्स, एवढं नीट झालं तरी तीन-चार वर्षांत ती मोठी कमाई आहे.

हे मी का म्हणतो ते एका उदाहरणावरून सांगतो, कारण 'व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास' वगैरे कारणं मला पुरेशी वाटत नाहीत.

पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय, हे तुम्ही शिकला असाल. मुख्य कारण चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी. पण गेल्या अडीच-पावणेतीन हजार वर्षांत ते प्रत्यक्षात किती मंदावलं, हे मोजायचं कशावरून? दुर्बिणी चारशे वर्षांच्या, आण्विक घड्याळं तर परवाची. हे उत्तर मातीच्या पाट्यांवर सापडलं. आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनचे लेखनिक शतकानुशतकं आकाशातल्या घटनांच्या नोंदी कीलाक्षरांत, म्हणजे खिळ्याच्या आकाराच्या खुणांच्या लिपीत, करत होते. इसवी सनपूर्व १३६ च्या एप्रिलमध्ये तिथे सकाळी खग्रास सूर्यग्रहण लागलं. ते कुठल्या बाजूने सुरू झालं, तेव्हा शुक्र आणि बुध दिसले, एरवी त्या दिवसांत न दिसणारे गुरू आणि मंगळही दिसले, असं सगळं त्यांनी लिहून ठेवलं.

आता गणित करा. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगाने फिरत आली असं धरलं, तर त्या ग्रहणाची सावली बाबिलोनवरून न जाता सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडायला हवी होती. म्हणजे वेळेत जवळपास सव्वातीन तासांचा फरक, रोजचा अगदी किंचित फरक साचत गेलेला. अशा बाबिलोनी, चिनी, ग्रीक, अरबी नोंदी एकत्र करून खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली जो निष्कर्ष मांडला, त्यानुसार दिवसाची लांबी दर शतकाला सरासरी १.८ मिलिसेकंदांच्या आसपास वाढत आलीय. भरती-ओहोटीच्या हिशेबाने ती याहून जास्त, २.३ च्या आसपास वाढायला हवी होती. मधल्या फरकाचं कारण शोधताना हिमयुगानंतर अजूनही हळूहळू वर येणारे भूभाग, पृथ्वीचा गाभा अशा गोष्टी विचारात घ्याव्या लागतात, म्हणजे आपण थेट भूभौतिकीत शिरतो.

या एका आकड्यामागे किती जणांचं काम आहे पाहा. अक्कादी, म्हणजे त्या नोंदींची भाषा, शिकलेलं कुणीतरी हवं, नाहीतर पाटीवरची अक्षरं म्हणजे नुसत्या खुणा. बाबिलोनी कालगणना आणि राजांचा क्रम जाणणारं कुणीतरी हवं, नाहीतर 'अमुक राजाचं तमुक वर्ष' म्हणजे नेमका कुठला दिवस, हे कळणार नाही. ही नोंद प्रत्यक्ष पाहून केलीय की आधीच्या गणितावरून लिहून ठेवलीय, हे ओळखायला मजकुराची धाटणी माहीत असावी लागते. आणि मग खगोलगणित. यातलं एक जरी कच्चं असेल तर शेवटचा आकडा चुकतो.

माझ्या मते मुद्दा इथे आहे. 'हे खरं कशावरून?' हा प्रश्न सगळ्याच विद्याशाखा विचारतात, पण उत्तर मिळवायची रीत प्रत्येकीची वेगळी. प्रयोगशाळेत तुम्ही प्रयोग पुन्हा करता. गणितात सिद्धता देता. इतिहासात प्रयोग पुन्हा करता येत नाही. तिथे ही नोंद कुणी केली, कधी केली, कशासाठी केली, त्याला हे कळण्याची सोय होती का, असे प्रश्न विचारून साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी लागते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही सवय मुख्य विषयात फारशी लागत नाही, कारण त्याच्या हातात येणारा डेटा बहुधा दुसऱ्याने आधीच साफ करून दिलेला असतो.

उलट बाजूनेही हे घडलंय. रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस जुन्या वस्तूंतल्या कार्बन-१४ वरून (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) त्यांचं वय काढायची पद्धत आणली, तेव्हा तपासणीसाठी त्यांनी प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतलं लाकूड घेतलं, कारण त्याचं वय इतिहासकारांना आधीच ठाऊक होतं. पुढे अचूकता वाढली तशी कुरबुर सुरू झाली. इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकातल्या इजिप्ती वस्तूंची कार्बनने काढलेली वयं इतिहासकारांच्या हिशेबापेक्षा काही शतकं कमी येऊ लागली. १९६० च्या दशकात हान्स स्यूस यांनी हजारो वर्षं जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइन झाडांच्या वाढवलयांशी ताळा घातला आणि दिसलं की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतंच. दुरुस्ती भौतिकशास्त्राच्या गृहीतकात करावी लागली. राजांच्या याद्यांवरून बसवलेला कालक्रम बराचसा टिकला. पद्धत चुकीची ठरली नाही, उलट त्या ताळ्यामुळे ती आज इतकी भरवशाची झालीय.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येतो.

भाषेचा कोर्स घेणार असाल तर पहिल्याच सेमिस्टरला सुरू करा. बाकी विषय तिसऱ्या वर्षी घेतले तरी चालतात, भाषेचं तसं नाही. आठवड्याला चार तास धरले तर पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये वर्गातले तास होतात साठ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या इंग्रजीभाषक अधिकाऱ्यांना कामापुरती जपानी, चिनी, कोरियन किंवा अरबी यायला २२०० तासांचं शिक्षण धरते. स्पॅनिश किंवा इटालियनला सहाशे-सातशे. तुमची मातृभाषा वेगळी असल्याने हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत (मराठी बोलणाऱ्याला जपानी वाक्याची ठेवण बरीच ओळखीची वाटते, क्रियापद शेवटी आणि प्रत्ययासारखे शब्द नामाच्या मागे), पण अंदाज येतो. एका सेमिस्टरच्या साठ तासांत लिपी, आकडे, ओळख करून देणं आणि वर्तमानकाळ होतो. तिथे थांबलात तर वर्षभरात त्यातलं बहुतेक विसरायला होतं. म्हणून चार सेमिस्टर देणार असाल तरच भाषा घ्या. रोज अर्धा तास, सुट्टीतसुद्धा. परीक्षेच्या आदल्या रात्री भाषा होत नाही, हे विज्ञानाच्या हुशार मुलांना विशेष जड जातं. ती एका रात्रीत प्रकरण समजून घेऊ शकतात, पण धातूंची रूपं समजून घेऊन भागत नाही, ती तोंडात बसावी लागतात.

कुठली भाषा? बोलायची हवी की वाचायची, हे आधी ठरवा. जुन्या भाषा, म्हणजे संस्कृत, पाली, लॅटिन, ग्रीक, फार्सी, यांचे कोर्स बहुधा वाचनासाठी असतात आणि नेटाने केले तर दुसऱ्या वर्षी तुम्ही खरा मजकूर वाचू लागता. मला स्वतःला विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी जुनी भाषा फार आवडते. एका वाक्यावर वीस मिनिटं बसायचं, प्रत्येक रूप सोडवायचं, एकही प्रत्यय शिल्लक राहिला तर अर्थ चुकलाय असं समजायचं. गणित आवडणारी मुलं इथे रमतात.

मूळ कागदपत्रांचा कोर्स म्हणजे काय, तेही सांगतो. पाठचिकित्सा, म्हणजे नकला एकमेकींशी ताडून मूळ मजकुराच्या जवळ पोचणं, हा प्रकार बघा. छापखान्याआधीचा ग्रंथ म्हणजे हातांनी केलेल्या नकलांच्या नकला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली हाती घेतलं, ते १९६६ साली पूर्ण झालं, आणि त्यासाठी हजाराहून जास्त पोथ्या तपासल्या गेल्या. आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत एक श्लोक, खाली एकेका पोथीतला पाठ, अक्षराखाली अक्षर. दोन पोथ्यांत एकच बरोबर शब्द असला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण एकच विचित्र चूक दोन्हीत असली तर त्या एका घराण्यातल्या, हा त्यातला महत्त्वाचा तर्क. जीवशास्त्रात सजीवांची वंशावळ लावताना नंतर बदललेली सामायिक लक्षणं धरतात, तोच हा विचार. १९९८ साली तर मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या एका कथेच्या प्रस्तावनेच्या ५८ हस्तलिखितांवर जीवशास्त्रातल्याच संगणकीय पद्धती चालवून त्यांची वंशावळ काढली गेली. महाभारताच्या या कामाचे मुख्य संपादक वि. स. सुकथनकर केंब्रिजला गणित शिकले होते, ही माहिती मी दरवर्षी वर्गात सांगतो.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं नाव तर घ्यायलाच हवं. पेशाने गणितज्ञ. जनुकशास्त्रात जनुकांमधलं अंतर काढायचं त्यांच्या नावाचं सूत्र, 'कोसंबी मॅपिंग फंक्शन', १९४४ पासून वापरात आहे. त्यांनी प्राचीन आहत नाणी (ठोकून खुणा उमटवलेली) घेतली आणि विचार केला की नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणजे जितका काळ जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्या-नाण्यांतला फरक जास्त. हे खरंच होतं का, हे पाहायला त्यांनी आधी चलनातली साधी नाणी मोठ्या संख्येने वजन करून पाहिली. मग तक्षशिलेच्या साठ्यांकडे वळले. आणि याच माणसाने शेकडो हस्तलिखितं पाहून भर्तृहरीच्या श्लोकांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली काढली. इतकी झेप प्रत्येकाची नसते, पण संख्याशास्त्र येत असलेल्या माणसाला संस्कृतही आलं तर काय घडू शकतं, ते इथे डोळ्यांसमोर येतं.

तत्त्वज्ञानातलं एक घ्यायचं असेल तर तर्कशास्त्र किंवा विज्ञानाचं तत्त्वज्ञान घ्या. साहित्यातलं घेणार असाल तर 'अमुक शतकाचा आढावा' टाळा आणि एकाच लेखकावरचा किंवा एकाच ग्रंथावरचा कोर्स शोधा. आढाव्याच्या कोर्सात नावं आणि सनावळ्या कळतात, वाचायला शिकायचं राहून जातं.

कोर्सच्या नावावर जाऊ नका. अभ्यासक्रमाचा कागद मिळवा आणि त्यात मूल्यमापन कसं आहे ते आधी बघा. आठवड्याला काय लिहून द्यायचंय? ते तपासून, शेरे मारून परत मिळतं का? वाचनयादीत मूळ ग्रंथ आहेत की फक्त त्यांच्यावरची पुस्तकं? शेवटची परीक्षा सोडून काहीच लिहायचं नसेल, तर तो विषय तुम्ही घरी बसून वाचू शकता, त्यासाठी क्रेडिट कशाला घालवायचं. शक्य असेल तिथे नोंदणीआधी पहिल्या दोन तासांना जाऊन बसा. मार्क सहज पडतात म्हणून घेतलेल्या कोर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यात गेलेले तास परत मिळत नाहीत, आणि ते तास थोडेथोडके नसतात. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटला घरच्या अभ्यासासकट २५ ते ३० तास धरतात, म्हणजे पाच क्रेडिटचा एक कोर्स सव्वाशे ते दीडशे तासांचा.

हेच वाचणारं कुणी कलाशाखेचं असेल तर त्यांच्यासाठी एकच ओळ: संख्याशास्त्राचा एक खराखुरा कोर्स घ्या, ज्यात स्वतः डेटा हाताळावा लागतो, आणि तो दुसऱ्या वर्षाच्या आत घ्या.

मुख्य विषयाचं नुकसान होईल का, ही तुमची भीती रास्त आहे. भौतिकशास्त्रात एकावर एक रचलेले कोर्स असतात. गणिताच्या पद्धती आणि यामिकी राहिली तर पुढची क्वांटम यामिकी अडते. त्यामुळे आधी मुख्य विषयाचे सक्तीचे आणि पूर्वअट असलेले कोर्स सगळ्या सेमिस्टरांत मांडून घ्या, ते हलवू नका. मग उरलेल्या जागेत भाषा पहिल्या चार सेमिस्टरांना सलग टाका, आणि कागदपत्रांचा कोर्स पाचव्याला, तोवर भाषेचा उपयोग त्यात करता येईल. ज्या सेमिस्टरला दोन प्रयोगशाळा असतील त्यात नवीन काहीही सुरू करू नका. तुमच्या विद्यापीठाची कोर्सची यादी इथे खाली टाकलीत तर त्यातले कुठले घ्यावेत ते मी नावानिशी सांगेन.