फाईलचं नाव अर्धंच दिसतंय?

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ११ आहे. ऑफिसच्या फाईलींची नावं लांबलचक, 'प्रकल्प अहवाल अंतिम मसुदा दुरुस्त प्रत ३' अशी, आणि फोल्डर उघडला की 'प्रकल्प अहवाल अंतिम म...' एवढंच दिसतं, खाली दहा फाईली सगळ्या सेम टू सेम! दर वेळी कॉलम ओढून रुंद करते, दुसऱ्या फोल्डरात गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कायमचा काही इलाज?

उत्तर : आहे की. आधी ते ओढाओढी करणं बंद करा. डिटेल्स व्ह्यूमध्ये या (कंट्रोल, शिफ्ट आणि ६), मग वरच्या पट्टीत 'नेम' आणि त्याच्या शेजारचा कॉलम यांच्यामधल्या रेघेवर माउस न्या, बाण दोन्हीकडे तोंड असलेला झाला की डबल क्लिक, सगळ्यात लांब नाव मावेल एवढा कॉलम आपोआप रुंद होतो. कीबोर्डला नंबरपॅड असेल तर कंट्रोल दाबून तिथलं प्लस दाबा, सगळे कॉलम एका फटक्यात. तरी जागा पुरत नसेल तर उजवीकडे प्रिव्ह्यू पेन (फाईलची झलक दाखवणारा भाग) उघडं आहे का बघा, बऱ्याचदा अर्धी खिडकी तेच खातं, ऑल्ट आणि पी ने बंद होतं.

आता कायमचं. असा एक फोल्डर मनासारखा लावून घ्या, वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स', त्यात 'व्ह्यू' टॅब, तिथे 'अप्लाय टू फोल्डर्स'. पण एक मेख आहे, हे त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागू होतं, म्हणजे डॉक्युमेंट्सचं केलंत तर फोटोंचे फोल्डर तसेच राहतात, त्यांचं वेगळं करावं लागतं.

आणि खरं सांगू का, नावच उलटं करा! विंडोज शेपूट कापतं आणि तुमचा फरक नेमका शेपटीत. 'प्रत ३' पुढे आणा, नाहीतर तारीख पुढे, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे क्रमही नीट लागतो. मॅकचं फाइंडर (तिथलं फाईली दाखवणारं ॲप) नाव मधून कापतं, दोन्ही टोकं दिसतात, मला विचाराल तर तेच शहाणपणाचं, पण ज्याच्या हाती जे.

प्रश्न : विंडोजवर बनवलेली मराठी नावाची फाईल लिनक्सवर कॉपी करताना 'नाव फार लांब आहे' म्हणून अडते. इंग्रजीत तेवढंच लांब नाव असलेली फाईल मात्र बिनबोभाट जाते. हा काय प्रकार?

उत्तर : प्रकार मोजमापाचा आहे. दोन्हीकडे मर्यादा २५५ चीच, पण डिस्कवर फाईली ठेवण्याची विंडोजची पद्धत, एनटीएफएस, चिन्हं मोजते आणि लिनक्सची, ईएक्सटी४, बाइट मोजते. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) ३. त्यात काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजलं जातं. 'क्षि' आपल्याला एक अक्षर वाटतं, कॉम्प्युटरला क, हलंत, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट! थोडक्यात मराठीत जेमतेम ८५ चिन्हांत खेळ खलास, त्यातही स्पेस आणि शेवटचं एक्स्टेन्शन आलंच. तेव्हा कॉपी करण्याआधी विंडोजवरच एफ २ दाबून नाव छाटा.

प्रश्न : लिनक्सवरच्या केडीई डेस्कटॉपच्या डॉल्फिनमध्ये (फाईली बघायचं ॲप) आयकॉनखालचं नाव अर्धवट दिसतं. पूर्ण कसं दिसेल?

उत्तर : डॉल्फिनच्या सेटिंगमध्ये आयकॉन व्ह्यूसाठी नावाची रुंदी आणि जास्तीत जास्त किती ओळी हे दोन्ही बदलता येतं. ओळी 'अनलिमिटेड' करा, झालं काम. फोल्डर जरा विस्कळीत दिसेल, ते चालवून घ्या.