शब्दाला वजन कसं येतं? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : वरिष्ठांसमोर बोलताना माझा आवाज बारीक होतो, वाक्यं भराभर बाहेर पडतात आणि शेवटी धाप लागते. एरवी मी मोकळेपणाने बोलतो. काय करू?

आवाजापेक्षा आधी श्वासाकडे बघा. ताण आला की श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकतो, मान आणि स्वरयंत्राजवळचे स्नायू आवळले जातात, स्वरतंतू ताणले जाऊन पट्टी चढते. हवा कमी, म्हणून वाक्य संपवायची घाई होते आणि तरीही शेवटापर्यंत हवा पुरत नाही. मराठीत हे फार महागात पडतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘हा आराखडा या आठवड्यात पाठवू नये’ यातलं ‘नये’ गिळलं गेलं, तर ऐकणाऱ्यापर्यंत भलताच अर्थ पोहोचतो.

आपली पाळी यायच्या आधी पाच-सहा वेळा नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या आणि सहा मोजेपर्यंत सोडा. पोट फुगलं पाहिजे, खांदे उचलले जाता कामा नयेत. बोलताना शेवटच्या शब्दापर्यंत आवाजाचा जोर तोच ठेवा, वाक्य संपलं की तोंड मिटा, श्वास घ्या आणि मगच पुढचं वाक्य सुरू करा. ही विश्रांती बोलणाऱ्याला खूप लांब वाटते, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘काय आहे की’ हे शब्द याच रिकाम्या जागेत घुसतात. फोनवर स्वतःचं तीन मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि कुठला शब्द सगळ्यांत जास्त वेळा येतो ते मोजा. आधी तेवढाच एक काढायचा. सगळे एकदम काढायला गेलात तर मुद्द्यावरचं लक्ष उडतं. हात थरथरत असतील तर सुटा कागद हातात धरू नका. त्याच्या टोकाला ती थरथर मोठी होऊन दिसते. टिपणं जाड पुठ्ठ्यावर लावा किंवा टेबलावर ठेवा.

प्रश्न : मुलाखतीआधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहावं, आणि बोलण्याचा 93 टक्के परिणाम शब्दांचा नसून देहबोली आणि स्वराचा असतो, असं एका प्रशिक्षणात सांगितलं. खरं आहे का?

या स्वरूपात तरी नाही. त्या उभं राहण्यामागचा मूळ प्रयोग 2010 सालचा, फक्त 42 जणांवर केलेला. 2015 मध्ये सुमारे 200 जणांवर तो पुन्हा केला, तेव्हा लोकांना स्वतःला जरा जोर आल्यासारखं वाटलं; पण मूळ प्रयोगात सांगितलेला संप्रेरकांतला (हार्मोन्समधला) किंवा जोखीम घेण्यातला फरक दिसला नाही. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच 2016 मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. 93 टक्क्यांचा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांतून आला. ते प्रयोग आवड-नावड कशी पोहोचते एवढ्यापुरते होते. कामाच्या मुद्द्यांना तो आकडा लावणं चूक आहे. ती दोन मिनिटं आपली पहिली दोन वाक्यं मोठ्याने म्हणण्यात घालवा. सुरुवात तोंडात बसलेली असली की पुढचं बरंच सावरतं.

प्रश्न : बैठकीत माझं वाक्य मध्येच तोडतात. मी सुचवलेली गोष्ट दहा मिनिटांनी दुसराच कुणी मांडतो आणि तेव्हा मात्र सगळे मान डोलावतात. भांडखोर न ठरता हे थांबवायचं कसं?

वाक्य तोडलं गेलं की लगेच गप्प होऊ नका आणि आवाजही चढवू नका. त्याच गतीने वाक्य पुरं करा आणि म्हणा, ‘माझा एक मुद्दा राहिलाय, तो सांगते, मग तुमचं ऐकते.’ सुरुवातीलाच ‘दोन गोष्टी सांगायच्या आहेत’ असं म्हटलेलं असेल तर हे मागणं कुणालाच खटकत नाही. ‘कदाचित चुकत असेन, पण…’ ही प्रस्तावना मात्र सोडा. मध्ये शिरायला तीच वाट करून देते.

बऱ्याचदा माणूस मध्ये बोलतो कारण मुद्दा कुठे चाललाय ते त्याला कळत नाही. आपण घडलं त्या क्रमाने सांगत बसतो : आधी पुरवठादाराला फोन केला, मग त्याने अमुक सांगितलं… हा क्रम उलटा करा. आधी निष्कर्ष, मग कारण, मग मागणी. ‘चाचणी आठ दिवस पुढे ढकलावी. सुटे भाग गुरुवारपर्यंत येणार नाहीत. नव्या तारखेला आज मंजुरी हवी.’ वीस सेकंदांत सगळं सांगून होतं, तोडायला जागाच उरत नाही.

श्रेयाचं तिथल्या तिथेच बोला, शांतपणे : ‘हो, मघाशी मी हेच सुचवलं. पुढची पायरी अशी, आणि ती मी हाती घेते.’ नुसतं ‘हे माझं होतं’ म्हटलं तर ती तक्रार वाटते. पुढची पायरी जोडली की सूचना तुमच्याकडे परत येते. महत्त्वाची सूचना असेल तर बैठकीच्या आदल्या दिवशी चार ओळींत ईमेलने पाठवून ठेवा. तोच माणूस वारंवार असं करत असेल तर एकांतात, दोन नेमके प्रसंग सांगून बोला. सगळ्यांना प्रत घालून ईमेल पाठवू नका, त्याने दोघांचीही शोभा होते.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर मी थकलेला आणि बुजरा दिसतो.

कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर हवा. लॅपटॉप टेबलावर सपाट असला की तुम्ही खाली बघता आणि मान पडते. खाली पुस्तकं ठेवून तो उचला. उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको. मुख्य वाक्य बोलताना लेन्सकडे बघा आणि स्वतःचं चित्र दिसणं बंद करा.

प्रश्न : साहेबांनी अचानक विचारलं आणि उत्तर माहीत नसलं की माझी गाळण उडते. काहीतरी ठोकून देतो आणि नंतर अडचणीत येतो.

ठोकून दिलेला एक आकडा चुकीचा निघाला की पुढचे खरे आकडेही लोक तपासायला लागतात. ‘बघून सांगतो’ हेही अर्धवट आहे, कारण त्यात वेळ नाही. काय माहीत आहे, काय नाही आणि कधी सांगाल, तिन्ही बोला : ‘मागच्या तिमाहीचा आकडा माझ्याकडे आहे, या महिन्याचा नाही. चारपर्यंत पाठवतो.’ बैठकीतच सगळ्यांसमोर ते वहीत लिहा. चार वाजता आकडा हाती आला नसेल तरी चारलाच कळवा, कुठे अडलंय आणि नवी वेळ कोणती ते. उशीर बहुतेक जण समजून घेतात. साहेबांना स्वतःहून आठवण करावी लागली, तर तेच लक्षात राहतं.