सकाळी गाडी स्टार्ट होत नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे वाचा

ह्या वेळी आलेले बरेचसे प्रश्न जुन्या, कार्बोरेटरवाल्या मोटरसायकलींचे आहेत आणि दुखणं जवळजवळ सगळ्यांचं एकच, रात्रभर उभी राहिली की सकाळी हटून बसते. त्यातले पाच घेतलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा वाया जातो.

प्रश्न: माझी गाडी सिंगल सिलिंडर, किकवाली, २५ वर्षं जुनी. सकाळी वीस-पंचवीस किक मारल्याशिवाय चालू होत नाही, पण एकदा गरम झाली की दिवसभर एका किकमध्ये. दोनदा कार्बोरेटर साफ करून झाला, काही फरक नाही. नवीन कार्बोरेटर टाकू का?

उत्तर: थांबा, एवढ्यात नको. गरम झाल्यावर एका किकमध्ये चालू होते म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय, टायमिंगही साधारण जागेवर आहे. थंड असतानाच काहीतरी कमी पडतंय, ते काय हे शोधायचं.

पेट्रोल पातळ असताना जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. धातू थंड असला की कार्बोरेटरमधून निघालेले थेंब इनटेकच्या, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेच्या, भिंतींना चिकटून बसतात आणि सिलिंडरपर्यंत वाफ अगदी थोडी पोचते. हिशेबाने पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं, पण थंड इंजिनात त्याच्या कितीतरी जास्त पेट्रोल सोडावं तेव्हा कुठे जळण्याजोगी वाफ तयार होते, आणि चोक असतो तो ह्याचसाठी. त्यात ऑइल घट्ट झालेलं, इंजिन हळू फिरतं, कॉम्प्रेशन कमी बनतं. म्हणून गरम असताना खपून जाणारे छोटे छोटे दोष सकाळी एकदम उघडे पडतात.

सगळ्यात आधी टॅपेट बघा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग ह्यांच्यात ठेवलेला बारीक गॅप. माझ्याकडच्या एका जुन्या गाडीचा कार्बोरेटर मी तीन वेळा खोलला, जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे धुतले, पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट बघितला आणि शेवटी निघालं काय तर इनटेकचा टॅपेट टाइट! आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट घासत जातात तसा गॅप कमी होत जातो, मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि किकच्या त्या हळू फिरण्यात कॉम्प्रेशन गळून जातं. इंजिन जोरात फिरायला लागलं की गळायला वेळच मिळत नाही, म्हणून चालू गाडीत हे कळत नाही. टाइट टॅपेटचा आवाजही येत नाही, उलट गाडी शांत वाटते, म्हणून कुणाला शंका येत नाही. गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून, फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, बघायचा. बऱ्याच छोट्या इंजिनांना तो ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचाच धरा.

मग प्लग. गॅप साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर, जुना झिजलेला असेल तर सरळ नवीन टाका आणि प्लगची कॅपही बघा, आतला रेझिस्टर गेला की ठिणगी अशक्त होते. ठिणगी तपासताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवा पण प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

मग कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधला रबरी जोड. हा वर्षांनुवर्षं तापून तापून कडक होतो, बारीक चिरा पडतात, तिथून फुकटची हवा आत जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गाडी चालू असताना जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा, आवाज बदलला किंवा अडखळला तर चीर आहे. पेट्रोल किंवा क्लीनर मारून तपासणारे लोक आहेत, गरम सायलेन्सरच्या शेजारी मला ते अजिबात पटत नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच कार्बोरेटर. आणि "दोनदा साफ केला" म्हणजे नक्की काय केलं ते विचारा, कारण बऱ्याचदा खालचा बाऊल, म्हणजे पेट्रोल साठतं ती वाटी, काढून फवारा मारला की साफ झाला म्हणतात. तुमचा चोर बहुतेक पायलट जेटमध्ये आहे, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर बसला की ते आणखी बारीक होतं, पूर्ण बंद होत नाही म्हणून गाडी कशीबशी चालते. जेट काढून उजेडासमोर धरा, भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. पितळ मऊ असतं, त्यात स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की ते जेट गेलंच. क्लीनरमध्ये भिजवा आणि प्रेशरची हवा मारा, जेटच्या मागच्या बॉडीतल्या वाटांनाही मारा, ते सगळ्यात महत्त्वाचं. जोरदार क्लीनर वापरण्याआधी ओ-रिंग आणि डायफ्राम काढून ठेवा, नाहीतर फुगतात. आणखी एक, जपानी कार्बोरेटरचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी जेआयएस ह्या जपानी मानकाचे असतात, साधा स्क्रूड्रायव्हर त्यात घसरतो आणि डोकं खाऊन टाकतो.

प्रश्न: चोक ओढून, अॅक्सिलरेटर अर्धा पिळून किक मारायची असं मला सगळे सांगतात. तरी चालू होत नाही आणि थोड्या वेळाने पेट्रोलचा वास सुटतो.

उत्तर: तुमचा चोक कुठल्या प्रकारचा आहे त्यावर हे ठरतं. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा. तिथे हवेची वाट अडवणारी पत्र्याची झडप असेल तर तो झडपेचा चोक, त्यात अॅक्सिलरेटर जरासा उघडला तर मदत होऊ शकते. झडप नसेल तर तुमचा चोक म्हणजे एक छोटा प्लंजर आहे, तो वर उचलला की वेगळ्या जेटमधून जास्तीचं पेट्रोल येतं, आणि ते खेचायला स्लाइडच्या, म्हणजे अॅक्सिलरेटर पिळला की वर सरकणाऱ्या भागाच्या, मागे व्हॅक्यूम लागतो. तुम्ही अॅक्सिलरेटर उघडला की तो व्हॅक्यूम पडतो आणि चोक असून नसल्यासारखा. म्हणजे चोक पूर्ण ओढा, हात अॅक्सिलरेटरवरून काढा आणि मग किक मारा. एवढं एकच बदलून कित्येक गाड्या सुधारतात, खरंच.

वास सुटला म्हणजे फ्लड झाली, आत पेट्रोल जास्त झालं. चोक बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, पाच-सात किक मारा, आत हवा खेळली की जास्तीचं पेट्रोल निघून जाईल. प्लग काढून पुसला तर आणखी चांगलं. गरम झाल्यावर सुद्धा धूर काळा आणि प्लग काजळलेला राहत असेल तर प्लंजरच्या टोकाचं रबर बघा, ते कडक झालं की चोक बंद करूनही पेट्रोल गळत राहतं. केबलवाला चोक असेल तर केबलला थोडी ढील हवीच.

प्रश्न: स्लो नीट लागत नाही म्हणून मी मिक्श्चर स्क्रू फिरवत बसतो, कधी सुधारतं, कधी आणखी बिघडतं. नेमकं ट्यून कसं करायचं?

उत्तर: आधी दोन स्क्रू ओळखा. एक स्लोचा, म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन फिरतं त्या स्पीडचा, तो फक्त स्लाइड किंवा बटरफ्लाय ही फिरती झडप किंचित उघडी धरतो. दुसरा मिश्रणाचा, आणि इथेच गोंधळ होतो. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर एअर स्क्रू, आत घेतला की हवा कमी आणि मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. इंजिनाच्या बाजूला असेल तर फ्युएल स्क्रू, तो बाहेर काढला की रिच. दोन्ही एकमेकांच्या उलटे, म्हणून मित्राच्या गाडीवर चाललेला उपाय तुमच्या गाडीवर बिघडवतो. काही गाड्यांत हा स्क्रू कंपनीतूनच धातूच्या बुचाखाली झाकलेला असतो.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, इंजिन पूर्ण गरम हवं, चोक बंद, गाडी मोकळ्या हवेत, बंद शेडमध्ये कधीही नाही कारण सायलेन्सरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. इंजिन बंद करून मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत घ्या, टेकला की थांबा, जोर लावला तर स्क्रूचं बारीक टोक मोडतं. किती फेरे आत गेला ते लिहून ठेवा. मग मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे फेरे बाहेर काढा, माहीत नसेल तर दीडपासून सुरुवात करा. आता गाडी चालू करून पाव-पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद थांबायचं, इंजिनाला उत्तर द्यायला वेळ लागतो. जिथे स्लो सगळ्यात वर जाईल आणि ठोके एकसारखे पडतील ती जागा तुमची. मग स्लोच्या स्क्रूने स्पीड परत खाली आणा आणि एकदा पुन्हा हेच सगळं करा. अॅक्सिलरेटर सोडल्यावर स्पीड वरच लटकून राहत असेल तर बहुधा लीन आहे नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधल्या रबरी जोडात चीर आहे.

फ्युएल स्क्रू तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढावा लागतोय म्हणजे पायलट जेट चोंदलंय किंवा लहान पडतंय, एका फेऱ्याच्या आत भागतंय तर ते मोठं आहे. एअर स्क्रूला ह्याच्या बरोबर उलटं. आणि मिक्श्चर स्क्रूचा अंमल फक्त स्लो आणि अगदी थोड्या उघडलेल्या अॅक्सिलरेटरपुरता, मधल्या टप्प्यात स्लाइडला लावलेली सुई बोलते आणि शेवटच्या पाव भागात मेन जेट, म्हणजे मुख्य मोठं जेट, त्यामुळे वरच्या स्पीडचा त्रास ह्या स्क्रूने सुटणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला.

प्रश्न: ओपन फिल्टर लावल्यापासून सकाळी त्रास वाढला, प्लग पांढरा पडलाय.

उत्तर: हवा जास्त यायला लागली, पेट्रोल तेवढंच राहिलं, लीन झाली. जेट वाढवावे लागतील, किंवा जुना फिल्टर परत लावा. मला विचाराल तर जुना फिल्टरच लावा, कार्बोरेटर त्याच्याच हिशेबाने बनवलेला असतो.

प्रश्न: गाडी दोन-तीन महिने उभी राहणार आहे, परत आल्यावर हाच त्रास नको.

उत्तर: पेट्रोलचा कॉक बंद करा आणि बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं पेट्रोल एका भांड्यात काढून घ्या. बाऊलमधलं थोडंसं पेट्रोलच आधी उडून जातं आणि मागे तो चिकट थर सोडतं. इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल शोषून घेतं, मग बाऊलमध्ये पांढरट गंज आणि तळाला पाणी सापडतं. लोखंडी टाकी मात्र रिकामी ठेवू नका, आतून गंजते, पूर्ण भरा. बॅटरी असेल तर काढून चार्ज करून ठेवा, १२ व्होल्टची असेल तर चार्जर काढून थोडा वेळ तशीच ठेवल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. परत आल्यावर कॉक उघडून लगेच किक मारू नका, बाऊल भरायला एखादा मिनिट द्या.