हप्ता बसतो, पण गाडी बसते का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाशिकला राहता, हातात पगार ७२,०००, घराचा हप्ता २१,०००, घरखर्च ३२,०००, मुलीच्या नावाची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, ६,०००. उरतात १३,०००. दसऱ्याला दहा लाखांची छोटी एसयूव्ही घ्यायची आहे. तीन लाखांची एफडी मोडायची, उरलेल्या सात लाखांचं ९ टक्क्यांनी सात वर्षांचं कर्ज काढायचं. हप्ता येतो ११,२६२. "तेरा हजार उरतात, म्हणजे बसतंय ना?" असं तुम्ही विचारलंय.

हप्ता बसतो. गाडी बसत नाही.

महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, शहरात लीटरला १४ चा अॅव्हरेज मिळाला आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर नुसतं पेट्रोल ७,५०० चं. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग यांचे महिन्याला ३,५०० तरी बाजूला काढावे लागतील. सध्या रिक्षा आणि कॅबवर जाणारे ३,००० वाचतील, ते वजा करू. तरी हप्त्यासकट गाडीला १९,००० च्या वर लागतात, आणि तुमच्याकडे आहेत १३,०००. तूट सहा हजारांची, म्हणजे नेमकी मुलीच्या एसआयपीएवढी. ओढाताण झाली की सगळ्यात आधी तीच बंद होते, कारण ती थांबवली म्हणून कोणी फोन करत नाही. मला खरी काळजी त्याची आहे.

एफडीबद्दल तुमचं म्हणणं व्याजाच्या गणितात बरोबर आहे. ७ टक्के मिळवत ठेवायचे आणि ९ टक्क्यांनी कर्ज काढायचं, हा तोट्याचाच व्यवहार दिसतो. पण वडील ६८ वर्षांचे, त्यांचा आरोग्य विमा नाही, आणि घरात अडीअडचणीला दुसरा पैसा नाही. उद्या अॅडमिट करायची वेळ आली तर हॉस्पिटलच्या काउंटरवर गाडीची चावी चालत नाही. त्या एफडीला हात लावू नका.

माझं मत: या दसऱ्याला गाडी घेऊ नका, पुढच्या दसऱ्याला घ्या, आणि कर-विम्यासकट (ऑन-रोड) सहा लाखांच्या आसपास येणारी हॅचबॅक घ्या. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी १३,००० आरडीत, म्हणजे बँकेच्या दरमहा भरायच्या ठेवीत, जाऊ द्या. वर्षात व्याजासह एक लाख साठ हजारांच्या पुढे जातात, दिवाळीचा ४०,००० बोनस धरला की दोन लाख झाले. उरलेल्या चार लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ८,३०० च्या आसपास. हलक्या गाडीचं पेट्रोल आणि देखभाल मिळून पावणेआठ हजार, त्यातून रिक्षाचे तीन हजार वजा. बेरीज तेरा हजारांवर येते. काठावरच आहे, हे लपवत नाही, पण एसआयपी आणि एफडी दोन्ही जागेवर राहतात. शिवाय हे वर्ष म्हणजे हप्त्याची रंगीत तालीम. आरडी मधेच मोडावी लागली, तर गाडी अजून परवडत नाही हे कर्ज न काढताच कळेल.

"थांबलो तर किंमत वाढेल" ही भीती समजते. पण तुमच्या सात वर्षांच्या कर्जावर जवळपास अडीच लाख नुसतं व्याज जातंय. त्यापुढे वर्षभरातली दरवाढ किरकोळ. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, तो हॅचबॅकलाही लागू आहे.

कोटेशन हातात आलं की ओळ न् ओळ वाचा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर लागतो, तो टळत नाही. 'हँडलिंग चार्जेस' मात्र सरळ काढायला सांगा. अॅक्सेसरीज किट सक्तीचं नसतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) घ्यावाच लागतो, पण तो शोरूमकडूनच घ्यावा असं बंधन नाही. बाहेरून दोन कोटेशन मागवा.

वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून उंच गाडी हवी, असं लिहिलंय. मग त्यांना सोबत न्या आणि पुढच्या, मागच्या दोन्ही सीटवर चार-पाचदा बसा-उतरायला सांगा. एसयूव्हीत कधी कधी पाय उचलून चढावं लागतं. उंच छपराच्या हॅचबॅकमध्ये सीट बहुधा कमरेच्या उंचीला येते, माणूस नुसता वळून आत बसतो. कुठली सोयीची, ते त्यांनाच ठरवू द्या.