झाडं आहेत मग पंप कशाला? श्रिंप टँकवरचे तुमचे प्रश्न

प्रश्न (पुणे): दादा, दोन फुटी प्लांटेड टँक (पाण्यातली झाडं लावलेला) आहे, चेरी श्रिंप (गोड्या पाण्यातली छोटी लाल कोळंबी) आहेत. झाडं भरपूर आहेत म्हणून रात्री एअर पंप बंद ठेवतो, आवाजाने झोप लागत नाही. सकाळी सगळे श्रिंप वर काचेला चिकटलेले असतात. असं का?

अहो, हिशोब नेमका उलटा झालाय. टँकचा लाइट चालू असतो तोवर झाडं ऑक्सिजन सोडतात, तो बंद झाला की तीच झाडं ऑक्सिजन घ्यायला लागतात, वर श्रिंप, गोगलगायी आणि फिल्टरमधले बॅक्टेरिया आहेतच, म्हणजे पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन तळाला. पंप बंद करायचाच तर दिवसा करा. झाडांसाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडत असाल तर तो रात्री बंद आणि पंप चालू, साध्या टायमरवर होतं. आवाजासाठी पंप दोरीने टांगा नाहीतर जाड स्पंजवर ठेवा, लाकडी टेबलावर ठेवलात तर टेबलच घुमतं. पंप पाण्याच्या लेव्हलखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) हवाच. माझ्याकडे एकदा लाईट गेली आणि पाणी उलटं येऊन पंप पण गेला आणि फरशी पण ओली, तेव्हा अक्कल आली. आणि एवढं करूनही श्रिंप दिवसभर वरच राहिले तर आधी अमोनिया-नायट्राइट (घाणीतून पाण्यात साचणारं विष) टेस्ट करा, मग तो हवेचा प्रश्न नाही.

प्रश्न (नागपूर): मे महिन्यात पाणी 32 डिग्रीला जातं. दोन एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचे बुडबुडे काढणारे दगड) लावले तरी श्रिंप मरतायत.

तिसरा लावू नका! पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन मावतच कमी, 20 डिग्रीला लिटरमागे 9 मिलिग्रॅम धरा, 30 ला साडेसात, आणि गरमीत श्रिंपला लागतो मात्र जास्त. बुडबुड्यातून थेट फार काही विरघळत नाही, बुडबुडे वर येऊन पृष्ठभाग हलवतात तिथे खरं काम होतं. म्हणून झाकण काढा आणि छोटा फॅन पाण्यावर तिरका लावा, दोनतीन डिग्री सहज उतरतात. तुमच्याकडे हवा कोरडी, फॅन मस्त चालेल, मुंबईच्या दमट हवेत एवढा नाही चालत. फक्त आटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, नळाचं घातलंत तर क्षार साचत जातात.

प्रश्न (ठाणे): हँग-ऑन फिल्टर (टँकच्या काठाला टांगलेला) श्रिंपची पिल्लं ओढून घेतो, काय करू?

फिल्टरच्या पाणी ओढणाऱ्या तोंडाला स्पंज लावा. नाहीतर सरळ स्पंज फिल्टर घ्या, पिल्लं त्याच्यावरच चरत बसतात. फ्लो एवढाच हवा की वरचा तेलकट पापुद्रा फुटेल आणि झाडांची पानं जरा डुलतील, चेरी श्रिंपला धबधबा नकोय.

प्रश्न (डोंबिवली): बेडरूममध्ये टँक आहे, मच्छरचं लिक्विड मशीन रात्रभर चालतं. चालेल का?

नको. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि त्या लिक्विडमधली पायरेथ्रॉइड (कीटकनाशक) औषधं माशांपेक्षा श्रिंपला जास्त जड जातात, शेवटी कीटकांचेच भाऊबंद ते. मच्छरदाणी लावा. पेस्ट कंट्रोलवाला येणार असेल तर टँक प्लास्टिकने झाका आणि पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा आणा, तो पंप बंद करून विसरू मात्र नका.