चाळिशीजवळ परदेशातील पशुवैद्यकीय महाविद्यालयात अर्ज करताना वय आड येते का?

पदवी घेऊन बरीच वर्षे झाल्यावर परदेशात पशुवैद्यकशास्त्राला अर्ज केल्यास वय आड येईल का, असे आपण विचारले आहे. मी नोकरी सोडून याच वयात अर्ज केले होते आणि माझे ठाम मत असे की, अर्जदाराच्या वयापेक्षा त्याच्या गुणपत्रिकेचे वय अधिक आड येते. रसायनशास्त्र, जीवशास्त्र यांसारखे विषय अलीकडच्या ठरावीक वर्षांतच शिकलेले असावेत, अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. म्हणून कोणता अभ्यासक्रम ग्राह्य धरला जाईल हे विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्यावे आणि अर्जाआधी जीवरसायनशास्त्रासारखा एखादा विषय उत्तम गुणांनी पूर्ण करावा. त्यामुळे अट तर पूर्ण होतेच, शिवाय आपल्याला अभ्यास आजही पेलतो याचा पुरावा मिळतो आणि शिफारसपत्र देऊ शकणारे, आपल्याला अलीकडे शिकवलेले प्राध्यापकही मिळतात.

घरी कुत्रा पाळला आहे, एवढ्याने प्राण्यांच्या अनुभवाची अट भागत नाही. दवाखाना आणि गोठा या दोन्ही ठिकाणी केलेल्या कामाच्या तासांची नोंद ठेवावी.

महाविद्यालय निवडताना मात्र आधी हे ठरवावे की पुढे व्यवसाय कोणत्या देशात करायचा आहे. एडिंबरा, डब्लिन आणि मेलबर्न येथे पदवीधरांसाठी चार वर्षांचा मार्ग आहे, आणि उशिरा सुरुवात करणाऱ्याला वाचलेले एक वर्ष फार मोलाचे असते. या तिन्ही संस्थांना अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेची मान्यता असल्याने तेथील पदवीधरांना अमेरिकेतील परवाना परीक्षेला थेट बसता येते; मान्यता नसलेल्या संस्थेतून आल्यास आधी समकक्षतेची वेगळी, खर्चिक आणि लांबणारी प्रक्रिया पार करावी लागते. ब्रिटनमधील यूकास या सामायिक प्रवेश यंत्रणेकडे पशुवैद्यकशास्त्रासाठी करायचे अर्ज साधारणपणे 15 ऑक्टोबरला बंद होतात, हेही ध्यानात असू द्यावे.

खर्चाचा अंदाज करताना सुट्टीतील कमाई धरू नये, कारण सुट्ट्यांचा मोठा भाग सक्तीच्या, सहसा विनावेतन प्रशिक्षणात जातो. कुटुंब असल्यास व्हिसाचे नियम सर्वांत आधी पाहावेत: ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसात जोडीदार आणि मुलांचा समावेश करता येतो, पण ब्रिटनमध्ये अशा पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ती मुभा सहसा नसते. याविषयी घरी स्पष्ट बोलणे झाल्यावरच अर्जाचे शुल्क भरावे.