स्कॉटलंडमधल्या एखाद्या अगदी छोट्या बेटाचा भूगोल आणि इतिहास कोणी सांगेल का? तिथे अजून माणसं राहतात का?

स्काय आणि आयोनावर लिहिणारे ढीगभर आहेत, म्हणून मी उल्व्हाबद्दल सांगतो. ग्लासगोत नोकरीला असताना एका मे महिन्यात मी तिथे दिवसभर भटकून आलो.

उल्व्हा हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या मल बेटाला अगदी खेटून आहे. मधली खाडी इतकी अरुंद की पलीकडचं माणूस ओळखू यावं. धक्क्यावर भिंतीला एक पांढरी फळी आहे. ती बाजूला सरकवली की मागचा लाल रंग उघडा पडतो, तो पलीकडून दिसला की तरीवाला होडी घेऊन येतो. ना तिकीट खिडकी, ना भोंगा. गाडी मलवरच ठेवायची, कारण बेटावर डांबरी रस्ताच नाही.

बेट जेमतेम २० चौरस किलोमीटरचं. सर्वांत उंच डोंगर ३१३ मीटर, सह्याद्रीत फिरणाऱ्याला हसूच येईल. पण तो पाहिल्यावर मी थबकलो, कारण उतार चक्क आपल्यासारखे: कातळाचा कडा, मग सपाट टप्पा, वर पुन्हा कडा. कारणही तेच, एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. तिथले साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीचे, आपले दख्खनचे थोडे आधीचे. दक्षिण किनाऱ्यावर बसाल्टचे उभे खांबही आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर कल्पना येईल.

आता इतिहास. मॅक्वॉरी घराण्याकडे हे बेट कित्येक शतकं होतं. १७७३ मध्ये इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सन इथे एक रात्र मुक्कामाला होता, तेव्हाच घराणं कर्जात बुडालेलं होतं. १७७७ मध्ये बेट विकलं गेलं.

याच घराण्यातला लाखलन मॅक्वॉरी पुढे ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला. त्याआधी तो पलटणीबरोबर मुंबईत होता. १७९३ मध्ये तिथेच त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. तीन वर्षांत ती मकावला क्षयाने गेली. त्याने तिचा देह जहाजातून मुंबईला आणून पुरला. पुढे मलवर जमीन घेतली तिला नाव दिलं जार्व्हिसफील्ड. याच माणसाने १७९५ मध्ये कोचीनला दोन गुलाम मुलगे विकत घेतले होते, हेही सांगायला हवं.

इकडे बेटावर पैसा आला तो समुद्री शेवाळातून. ते वाळवून, जाळून जी राख उरायची ती काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागायची. नेपोलियनची युद्धं चालू होती तोवर भाव होता. युद्ध संपलं, परदेशी माल स्वस्तात येऊ लागला आणि धंदा बसला. तरी १८३७ मध्ये इथे ६०४ माणसं होती, सोळा वाड्यांमधून. पोट बटाट्यावर. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा पडला.

बेट तोवर फ्रान्सिस विल्यम क्लार्क नावाच्या वकिलाने घेतलेलं होतं. कुळांपेक्षा मेंढ्या परवडतात, हा त्याचा हिशोब. माणसं हुसकली, कित्येक घरांची छपरं पेटवली. पाच-सहा वर्षांत जेमतेम दीडशे उरले. दुष्काळामुळे लोक गेले असं सरसकट लिहिलेलं आढळतं, मला ते अर्धंच खरं वाटतं.

ऑर्मेग नावाच्या वाडीत मी बराच वेळ बसलो. छातीएवढ्या दगडी भिंती, दाराच्या जागी नुसती फट, आत चुलीपाशी खाजकुयलीसारखी चावणारी नेटलची झुडपं. बाहेर उतारावर गवताखाली बटाट्याचे वरंबे ओळीने स्पष्ट दिसतात. पावणेदोनशे वर्षांत तिथे कोणी कुदळ मारलेली नाही.

माणसं राहतात का, तर हो. २०१७ मध्ये बेट विकायला निघालं तेव्हा पाच-सहाच उरली होती. २०१८ मध्ये वायव्य मलच्या गावकऱ्यांच्या संस्थेने मुख्यतः सरकारी निधीतून, सुमारे ४४ लाख पौंड मिळवून, ते विकत घेतलं. आता जुनी घरं दुरुस्त करून कुटुंबं येऊ लागली आहेत. धक्क्याजवळच्या खानावळीत कालवं मिळतात. परतीची शेवटची होडी मात्र आधीच विचारून ठेवा, ती संध्याकाळी लवकरच बंद होते.